मोठ्या जहाजातून एड्रियाटिक: शहरांनी घातलेल्या मर्यादा आणि जाहिरातीने झाकलेले अंतर

इटलीतील व्हेनिस, मॉन्टेनेग्रोतील कोटोर, ग्रीसमधील कोर्फू व सँटोरिनी आणि क्रोएशियातील दुब्रोव्हनिक ही पाच नावे जाहिरातीत ठळक छापून विकली जाणारी आठवडाभराची सागरसफर आम्ही पती-पत्नींनी गेल्या उन्हाळ्यात केली. तिचे हे परीक्षण आहे. कंपनीचे नाव मी देत नाही, कारण ज्या पद्धतीबद्दल माझी तक्रार आहे ती एकाच कंपनीपुरती नाही. जहाज मोठे होते, दोन हजारांहून अधिक प्रवासी घेऊन जाणारे. माझे मत आधीच सांगतो. जहाजावरची सेवा चांगली आहे. परंतु ज्या ऐतिहासिक बंदरांच्या ओढीने माणूस अशा सफरीचे पैसे भरतो, ती बंदरे निवांतपणे पाहायला मिळाली ती केवळ तिथे, जिथे शहराने मोठ्या जहाजांवर विचारपूर्वक मर्यादा घातली आहे. या मर्यादा प्रवाशांच्या हिताच्या आहेत, हे कंपनीने स्वतःहून सांगायला हवे होते. प्रत्यक्षात तिने त्या शक्य तितक्या झाकून ठेवल्या.

सुरुवात व्हेनिसपासून करावी लागेल, कारण सफरीचे नावच त्या शहरावरून दिलेले आहे. आरक्षणाच्या पानावर प्रस्थानाचे ठिकाण म्हणून व्हेनिस ठळक अक्षरांत होते आणि त्याखाली बारीक अक्षरांत राव्हेन्ना. हे दुसरे शहर किनाऱ्याने दक्षिणेला, बसने सुमारे अडीच तासांच्या अंतरावर आहे आणि जहाज तिथल्या पोर्तो कोर्सिनी धक्क्यावरून सुटते. ज्यांनी ही बारीक ओळ वाचली नव्हती, त्यांच्यापैकी काही कुटुंबे व्हेनिसमध्ये हॉटेल घेऊन राहिली होती आणि ऐनवेळी बसची धावपळ करून धक्क्यावर पोहोचली. ज्यांना व्हेनिस पाहायचेच होते, त्यांना कंपनीने माणशी शंभर युरोंच्या आसपास दराने दिवसभराची बससहल देऊ केली. तिच्यात जाण्यायेण्याचे पाच तास वजा जाता शहरासाठी उरणारा वेळ फारच तोकडा होता.

मोठी जहाजे व्हेनिसमध्ये का जाऊ शकत नाहीत, हे त्या बसमधल्या वाटाड्याने एका वाक्यात उरकले: ‘सरकारने बंदी घातली आहे.’ त्याच्या स्वरात दिलगिरी होती. वास्तविक हा विषय इतका महत्त्वाचा आहे की अडीच तासांच्या प्रवासात तो सविस्तर सांगितला असता, तर सहलीचे निम्मे मोल तिथेच वसूल झाले असते. २०१२ च्या जानेवारीत जिल्यो बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे जहाज खडकावर आदळून ३२ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर इटलीच्या सरकारने ४०,००० टनांपेक्षा मोठ्या जहाजांना व्हेनिसच्या सान मार्को या मुख्य चौकासमोरून जाण्यास मनाई करणारा आदेश काढला. मात्र पर्यायी जलमार्ग तयार होईपर्यंत तो लागू होणार नव्हता, आणि पर्यायी मार्ग तयार होत नव्हता. त्यामुळे वर्षाला पंधरा लाखांहून अधिक क्रूझ प्रवासी घेऊन मोठमोठी जहाजे लगूनच्या, म्हणजे व्हेनिसभोवतीच्या उथळ खाजणाच्या, लिदो येथील मुखातून आत येत राहिली आणि सान मार्कोच्या चौकासमोरून, जुदेक्का कालव्यातून मारित्तिमा धक्क्यापर्यंत जात राहिली. २ जून २०१९ रोजी ‘एमएससी ऑपेरा’ हे सुमारे ६५,००० टनांचे जहाज जुदेक्का कालव्यात अनियंत्रित होऊन धक्क्यावर आणि तिथे उभ्या असलेल्या एका प्रवासी नौकेवर आदळले. काही जण जखमी झाले, आणि जे घडू शकते असे शहरवासी वर्षानुवर्षे सांगत होते, ते साऱ्या जगाने चित्रफितीत पाहिले. पुढे युनेस्कोने व्हेनिसचा समावेश धोक्यातील वारसास्थळांच्या यादीत करण्याचा इशारा दिला, आणि जुलै २०२१ मध्ये सरकारने आदेश काढून १ ऑगस्टपासून हा मार्ग मोठ्या जहाजांना बंद केला. २५,००० टनांहून अधिक टनभार, १८० मीटरहून अधिक लांबी, पाण्यावर ३५ मीटरहून अधिक उंची किंवा ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त गंधक असलेले इंधन, यांपैकी एकही गोष्ट लागू झाली तरी ते जहाज या पाण्यात येऊ शकत नाही.

हे आकडे कोरडे वाटतील, पण त्यामागचे कारण डोळ्यांनी दिसणारे आहे. व्हेनिसच्या इमारती चिखलात रोवलेल्या लाकडी खुंटांवर उभ्या आहेत. त्या खुंटांवर इस्त्रियाच्या दगडाचा पाणी सहज न शोषणारा थर आहे आणि त्याच्या वर विटांचे बांधकाम. प्रचंड आकाराचे जहाज अरुंद कालव्यातून जाते तेव्हा ते स्वतःच्या वजनाएवढे पाणी बाजूला सारते. काठाजवळची पातळी आधी खाली जाते, मग वर येते, आणि या ओढीबरोबर तळाचा गाळ हलतो. लहान मोटारबोटींच्या लाटांनीही काठांची झीज होतेच, आणि ते व्हेनिसवासीयांचे वेगळे दुखणे आहे. परंतु मोठ्या जहाजाची ओढ तळापर्यंत पोहोचते. त्यात अपघाताची शक्यता धरली, तर तीनशे मीटरच्या आसपास लांबीच्या यंत्राला त्या चौकापासून दूर ठेवणे ही किमान दक्षता ठरते. माझ्या मते हा निर्णय किमान दहा वर्षे उशिरा झाला.

तरीही व्हेनिसचा उपाय अर्धाच आहे, आणि बससहलीत ते स्पष्टपणे जाणवले. बंदी जहाजांवर आहे, माणसांवर नाही. काही जहाजे आता मालामोक्कोच्या मुखातून आत येऊन मार्गेरा या औद्योगिक बंदरात थांबतात, तर काही राव्हेन्ना किंवा त्रिएस्तेला. मार्गेराकडे जाणारा तो खोल जलमार्ग १९६० च्या दशकात मालवाहू आणि तेलवाहू जहाजांसाठी खोदलेला आहे. त्याच्यामुळे लगूनच्या दलदलीची झीज होते, ही अभ्यासकांची जुनी तक्रार आहे, आणि तिथे पुन्हा गाळ उपसण्याच्या योजनांना पर्यावरणवाद्यांचा विरोध आहे. आमच्यासारखे प्रवासी बसने येतात, त्रोंकेत्तोच्या वाहनतळावर उतरतात, तिथून नौकेने सान मार्कोला पोहोचतात आणि ज्या चौकात आधीच पाय ठेवायला जागा नसते तिथे आणखी एका गटाची भर घालतात. २०२४ पासून शहराने मार्गदर्शकासोबतचे गट २५ जणांपुरते मर्यादित केले आहेत आणि ध्वनिवर्धकांना बंदी केली आहे. त्याच वर्षापासून ठरावीक दिवशी एका दिवसासाठी येणाऱ्यांना ५ युरो प्रवेशशुल्क आहे, आणि २०२५ मध्ये उशिरा नोंदणी करणाऱ्यांसाठी ते १० युरो करण्यात आले. शहरातील हॉटेलात मुक्काम करणाऱ्यांना हे शुल्क भरावे लागत नाही. या शुल्काची सूचना कंपनीने आगाऊ द्यायला हवी होती. ज्या शहराच्या मुख्य बेटांवरची लोकसंख्या १९५१ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात होती आणि आता पन्नास हजारांच्याही खाली आली आहे, त्या शहराने पाहुण्यांकडून एवढी अपेक्षा करणे मला पूर्णपणे न्याय्य वाटते.

राव्हेन्नाबद्दल इथेच सांगायला हवे, कारण या सफरीची सर्वांत मोठी उणीव मला तिथे दिसली. पाचव्या-सहाव्या शतकातील कुट्टिमचित्रांसाठी (मोझेइकसाठी) जगभर ओळखले जाणारे हे शहर आहे. सान व्हितालेचे चर्च, गाल्ला प्लाचिदियाचे स्मारकगृह आणि अशी एकूण आठ स्थाने १९९६ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत, आणि कवी दान्तेची समाधीही इथेच आहे. असे शहर धक्क्यापासून इतके जवळ असताना कंपनी त्याचा उल्लेख केवळ जहाज पकडण्याची जागा म्हणून करते आणि हजारो प्रवाशांना त्याला वळसा घालून दुसऱ्या शहराकडे पाठवते. आम्ही परतीच्या दिवशी सान व्हिताले पाहिले. मागच्या अर्धगोलाकार भिंतीवरचा हिरवा-सोनेरी रंग आणि सम्राज्ञी थिओडोराचा लवाजमा आम्ही बराच वेळ, कोणाचाही धक्का न लागता पाहत राहिलो. मोठ्या जहाजांना व्हेनिसमधून बाहेर काढल्यामुळे असे एखादे शहर प्रवाशांसमोर येऊ शकते, ही संधी आहे. तिचा प्रामाणिकपणे उपयोग करणारी कंपनी मी आनंदाने निवडेन.

जहाजाबद्दल थोडक्यात सांगतो. खोली स्वच्छ होती, भोजनगृहात वेळेवर आणि आदराने वाढले जात होते, शाकाहारी पदार्थांची सोय मागणी केल्यावर नीट झाली. कर्मचारी कष्टाळू आहेत आणि त्यांच्याबद्दल माझी कसलीही तक्रार नाही. रात्रीचे कार्यक्रम आम्ही फारसे पाहिले नाहीत, त्यामुळे त्यांवर मत देत नाही.

कोटोरला प्रवेश पहाटेचा होता आणि त्या दोन तासांसाठी मी जहाजाला मनापासून गुण देतो. बोका कोटोरस्का या खाडीचे पाणी डोंगरांच्या कुशीत आत-आत जाते, वेरिगेची सामुद्रधुनी इतकी अरुंद आहे की दोन्ही काठांवरची घरे गच्चीवरून स्पष्ट दिसतात, आणि शेवटी तटबंदीत वसलेले छोटे गाव येते. मात्र तो देखावा आमच्यासाठी जितका सुंदर, तितकाच गावासाठी जड आहे. धक्का सागरद्वाराच्या अगदी समोर असल्यामुळे जहाज उभे राहिले की गावातून खाडीचा मोठा भाग दिसेनासा होतो. त्या दिवशी आमच्याशिवाय आणखी एक मोठे जहाज आले होते. दोन्ही जहाजांचे प्रवासी साधारण एकाच तासात एकाच वेशीतून आत शिरले, आणि अरुंद तोंडाच्या सुरईत घागरभर पाणी एकदम ओतावे तशी त्या वेशीची अवस्था झाली. सेंट ट्रायफनच्या कॅथीड्रलपुढच्या चौकात उभे राहून इमारत पाहता येत नव्हती. वरच्या किल्ल्याच्या तेराशेहून अधिक पायऱ्यांवर चढणारे आणि उतरणारे एकमेकांना वाट देत ताटकळत होते. दुपारी जहाजे सुटण्याच्या वेळेआधी गाव अचानक रिकामे झाले, आणि तेव्हाच ते किती सुंदर आहे हे कळले. पण तोवर आम्हालाही परतायचे होते. १९७९ च्या भूकंपात हे गाव उद्ध्वस्त झाले आणि त्याच वर्षी ते जागतिक वारसा ठरले. इतक्या परिश्रमाने पुन्हा उभे केलेले गाव असे घाईघाईने तुडवले जाणे मला अपराधासारखे वाटले, आणि त्या गर्दीत आम्हीही होतोच.

कोर्फूला बंदर गावापासून पुरेसे दूर आहे, गावही मोठे आहे, आणि दिवस सुरळीत गेला. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे नाही.

सँटोरिनीत जहाज ज्वालामुखीच्या बुडालेल्या मुखात थांबते आणि लहान नौकांनी प्रवाशांना कड्याखालच्या जुन्या बंदरावर उतरवले जाते. तिथून वर कड्यावरच्या फिरा या मुख्य गावाला जायचे तर रोपवे, खेचरे किंवा सुमारे सहाशे पायऱ्या, असे तीनच मार्ग आहेत. म्हणजे या बेटाची क्षमता त्या रोपवेच्या डब्यांनी ठरते, आणि समुद्रात कितीही जहाजे उभी केली तरी ती वाढत नाही. बेटाने क्रूझ प्रवाशांसाठी दिवसाला ८,००० ही मर्यादा ठेवली आहे, आणि ग्रीसने जुलै २०२५ पासून सँटोरिनी व मिकोनोस इथे उन्हाळी हंगामात उतरणाऱ्या प्रत्येक क्रूझ प्रवाशावर २० युरो शुल्क लावले आहे. जहाजावर या शुल्काबद्दल बरीच कुरकुर ऐकली. मला ती पटली नाही, कारण आठवडाभराच्या सफरीच्या खर्चात २० युरो नगण्य आहेत आणि पाणी, कचरा, रस्ते यांचा भार बेटावरच पडतो. माझा आक्षेप वेगळा आहे. आठ हजार हा आकडा दिवसाचा आहे, आणि ते आठ हजार सकाळच्या दोन-तीन तासांत उतरले तर मर्यादा पाळूनही रोपवेखाली रांग लागतेच. आम्हाला वर पोहोचायला आणि खाली यायला लागलेला वेळ फिरात घालवलेल्या वेळेइतकाच होता.

दुब्रोव्हनिकला मी सर्वाधिक गुण देतो. इथेही एके काळी दिवसाला इतकी जहाजे येत की जुन्या शहराच्या पिले वेशीवर माणसांची कोंडी होत असे, आणि जुन्या शहरात एका वेळी ८,००० हून अधिक लोक नसावेत अशी युनेस्कोची शिफारस होती. महापौर मातो फ्रांकोव्हिच यांच्या कारकिर्दीत शहराने ‘शहराचा आदर करा’ या अर्थाचा उपक्रम हाती घेतला. २०१९ मध्ये क्रूझ कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेशी करार करून एका वेळी दोनच मोठी जहाजे आणि जास्तीत जास्त चार हजार क्रूझ प्रवासी, असे धोरण स्वीकारले. महत्त्वाचे म्हणजे केवळ आकडा ठरवून शहर थांबले नाही. जहाजांच्या येण्याच्या वेळा एकमेकींपासून दूर ठेवण्यावर आणि वेशीजवळ एकाच वेळी किती बस थांबाव्यात यावरही शहराने लक्ष घातले. त्याचा परिणाम आम्ही अनुभवला. ग्रुझ बंदरातून सुमारे तीन किलोमीटर अंतर शहरबसने पार करून आम्ही पिले वेशीवर पोहोचलो तेव्हा गर्दी होती, पण ती पुढे सरकत होती. जवळजवळ दोन किलोमीटर लांबीच्या तटावरून आम्ही आमच्या चालीने फिरलो, थांबलो, छपरांवरच्या जुन्या आणि नव्या कौलांचे रंग न्याहाळले. १९९१-९२ च्या वेढ्यातील तोफमाऱ्याने फुटलेली कौले बदलली गेल्याचे त्या रंगांतून कळते. तटाचे तिकीट महाग आहे, उन्हाळ्यात माणशी ३५ युरोंहून कमी नाही, आणि तरीही ते मला वाजवी वाटले. स्त्रादून या मुख्य रस्त्याच्या मागच्या पायऱ्यांच्या गल्लीत एका छोट्या खाणावळीत आम्ही निवांत जेवलो आणि मालकाशी गप्पा झाल्या. जहाजे कमी झाल्यामुळे गिऱ्हाईक बसून जेवते, पूर्वी ते फक्त पाण्याची बाटली घेऊन पुढे जात असे, असे त्याने सांगितले. एका माणसाचे म्हणणे म्हणून मी ते नोंदवतो. पण आमचा स्वतःचा अनुभव त्याला दुजोरा देणाराच होता.

इथे मोठ्या जहाजांच्या बाजूने मांडल्या जाणाऱ्या युक्तिवादाचा विचार करायला हवा, कारण तो पोकळ नाही. व्हेनिसमध्ये बंदी आली तेव्हा टगबोटींवरचे खलाशी, धक्क्यावरचे हमाल, सामान पुरवणारे आणि मार्गदर्शक यांच्या रोजगारावर घाला आला, आणि सरकारला भरपाईची तरतूद करावी लागली. शिवाय व्हेनिसला येणाऱ्या एकूण पर्यटकांत क्रूझ प्रवाशांचा वाटा लहान आहे, हेही खरे आहे. परंतु क्रूझ प्रवाशाचे जेवण आणि मुक्काम यांचे पैसे जहाजावर आधीच भरलेले असतात. तो काही तासांसाठी येतो, सर्वांत गजबजलेल्या दोन चौकांतच फिरतो आणि हजारोंच्या संख्येने एकाच वेळी येतो. जुन्या शहरावरचा ताण या एकाच वेळेमुळे वाढतो. म्हणून केवळ टनभारावर आधारलेला नियम इमारती आणि पाणी वाचवतो, पण रस्ते मोकळे करत नाही. माझ्या मते प्रत्येक ऐतिहासिक बंदराने तासाला किती माणसे वेशीतून आत येऊ शकतात हे आधी ठरवावे आणि जहाजांच्या वेळा त्यावरून मागे मोजत आणाव्यात. पाल्मा दे मायोर्काने २०२२ पासून दिवसाला तीन जहाजे आणि त्यांपैकी पाच हजारांहून अधिक प्रवाशांचे एकच, असा नियम केला. ॲम्स्टरडॅमने २०२६ पासून वर्षाला १०० समुद्री क्रूझ जहाजांची कमाल संख्या ठरवली. बार्सिलोनाने २०३० पर्यंत क्रूझ टर्मिनल सातवरून पाचवर आणण्याचा निर्णय घेतला आहे. हे सगळे उपयुक्त असले, तरी दुब्रोव्हनिकइतका वेळेचा विचार मला त्यांत दिसत नाही.

हवेच्या बाबतीत मात्र नियम बंदरागणिक वेगळे असून चालणार नाहीत, आणि तिथे थोडी प्रगती झाली आहे. १ मे २०२५ पासून संपूर्ण भूमध्य समुद्रात जहाजांच्या इंधनातील गंधकाची मर्यादा ०.१ टक्के आहे. धक्क्यावर उभे असताना वातानुकूलन आणि स्वयंपाकघरे चालवण्यासाठी जहाजाची इंजिने सुरूच राहतात. किनाऱ्यावरून वीज घेण्याची सोय युरोपीय संघाच्या प्रमुख बंदरांत २०३० पर्यंत व्हायची आहे. या सफरीत आमचे जहाज किनाऱ्याची वीज कुठे घेते, असे मी स्वागतकक्षात विचारले. नम्र उत्तर मिळाले, माहिती मिळाली नाही.

कंपनीकडून माझ्या अपेक्षा अवघड नाहीत. प्रस्थानाचे खरे बंदर सफरीच्या नावातच असावे. प्रत्येक बंदरापुढे त्या दिवशी तिथे आणखी किती मोठी जहाजे येणार आहेत हे छापावे; बंदरांची वेळापत्रके उघड असतात, त्यामुळे ही माहिती देणे शक्य आहे. प्रवेशशुल्के किमतीत धरून सांगावीत. मर्यादा का घातल्या आहेत हे समजावून सांगणारे एक तासाचे व्याख्यान जहाजावर ठेवावे. श्रोते निश्चित मिळतील, कारण जेवणाच्या टेबलावर हाच विषय पुनःपुन्हा निघत होता.

पाचपैकी गुण द्यायचे तर जहाजावरच्या सेवेला चार, मार्गाच्या आखणीला अडीच आणि जाहिरातीच्या प्रामाणिकपणाला एक. ज्यांना समुद्र, विश्रांती आणि आयती सोय हवी आहे त्यांनी ही सफर एप्रिलअखेर किंवा ऑक्टोबरमध्ये करावी आणि आरक्षणाआधी कोटोर व सँटोरिनीच्या बंदरांची त्या दिवसांची वेळापत्रके पाहून घ्यावीत. ज्यांना शहरेच पाहायची आहेत त्यांनी २५,००० टनांखालचे लहान जहाज शोधावे. ते महाग पडते, पण व्हेनिसच्या जुन्या धक्क्यापर्यंत जाऊ शकते. तेही जमणार नसेल, तर व्हेनिसमध्ये दोन रात्री आणि राव्हेन्नात एक रात्र स्वतंत्रपणे राहून मगच पोर्तो कोर्सिनीचा धक्का गाठावा, आणि कंपनीची व्हेनिसची बससहल घेऊ नये.